जुन्या जाहिरातीतली गाडी रंगवायची तर आधी जागा ठरवा

जुन्या मोटारींच्या जाहिरातींसारखं चित्र काढायला बसलेला माणूस बहुतेक वेळा हेडलाइटपासून सुरुवात करतो. माझा आग्रह आहे की गाडीला हात लावण्याआधी ती कुठे उभी आहे ते ठरवा. चकचकीत पत्र्यात आणि क्रोममध्ये आपल्याला दिसतं ते सगळं आजूबाजूचंच असतं. आकाश कुठल्या रंगाचं, क्षितिज किती उंचीवर, खाली वाळू की ओला रस्ता, हे माहीत नसेल तर बंपरमध्ये रंगवणार काय?

ही गोष्ट मला पॉन्टिॲक या अमेरिकी गाड्यांच्या जाहिराती बघताना उमगली. १९५९ ते १९७१ या काळात आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन या जोडीने त्या रंगवल्या. गाडी फिट्झपॅट्रिक यांची, माणसं आणि पार्श्वभूमी कॉफमन यांची. हात दोन, तरी चित्रात सांधा शोधून सापडत नाही, कारण मागच्या देखाव्यातला उजेड गाडीच्या दारावर उतरलेला असतो. त्यांच्या कितीतरी चित्रांत गाडी चक्क थांबलेली आहे. वेगाच्या रेषा नाहीत, धूळ नाही. तरीही त्या ठिकाणी जावंसं वाटतं. मला ही जोडी या कलेतली सर्वश्रेष्ठ वाटते. त्यांची चित्रं मोठी करून, एकेक कोपरा धरून बघा.

आता पेन्सिल. कॅमेरा जवळ नेऊन काढलेला फोटो नको, नाक फुगतं. लांबून, झूम करून घेतलेला घ्या. डोळ्याची पातळी साधारण हेडलाइटच्या उंचीवर ठेवा. आणि मग ताणा. त्या काळचे चित्रकार फोटोचे काप करून ते एकमेकांपासून सरकवायचे आणि मधली जागा हाताने भरायचे. पॉन्टिॲकचा ‘वाइड-ट्रॅक’चा प्रचार १९५९ मध्ये सुरू झाला, तेव्हा डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर खरोखरच वाढवलं होतं, कागदावर गाडी त्याहून रुंद झाली. समोरून दिसणारी गाडी असेल तर ट्रेसिंग (फोटोवरून पातळ कागदावर उतरवलेलं रेखाचित्र) बॉनेटच्या मध्यावर उभं कापा आणि दोन्ही भाग थोडे दूर करा. दहा टक्क्यांच्या आसपास पुरे, त्यापुढे गाडी चपटी दिसायला लागते.

चाकं मात्र ताणायची नाहीत. इथे बहुतेक चित्रं फसतात, म्हणून जरा थांबतो. तिरप्या कोनातून चाक लंबवर्तुळाकार दिसतं. त्या लंबवर्तुळाचा छोटा अक्ष नेहमी चाकाच्या आसाच्या रेषेत येतो. म्हणजे आधी आसाची रेषा काढा, तिला काटकोनात मोठा अक्ष, मग लंबवर्तुळ. टायर, रिम, हबकॅप, सगळ्यांना हाच नियम. पुढची चाकं वळलेली असतील तर त्यांचा आस वेगळा, म्हणून लंबवर्तुळही वेगळं. चाक चुकलं की वरचं कितीही सुंदर काम वाया जातं.

रंग ग्वाश, म्हणजे पाण्यात कालवायचा दाट रंग, वापरा. तो अपारदर्शक असतो, मॅट सुकतो आणि छपाईसाठी त्याचा स्वच्छ फोटो येतो. एक सवय करून घ्यावी लागते: फिकट छटा सुकल्यावर थोडी गडद होते, गडद छटा थोडी फिकी. प्रत्येक मिश्रण आधी त्याच कागदाच्या कपट्यावर सुकवून बघा.

पत्र्याचे मी तीन भाग करतो. बॉनेट, टप, मडगार्डची पाठ असे वर तोंड करून असलेले भाग आकाश घेतात, म्हणून लाल गाडीसुद्धा तिथे फिकी आणि थंड दिसते. दाराच्या बाजूला क्षितिजाची गडद पट्टी येते. गाडीचा खरा रंग तिच्या आसपास सर्वांत शुद्ध. त्याखाली पत्रा आत वळतो तिथे जमीन, उबदार. फुगीर भागावर ही पट्टी बारीक होते, सपाट भागावर रुंद. तिची वळणं बरोबर जमली की पत्र्याचा आकार आपोआप उभा राहतो.

क्रोमलाही हाच हिशोब, फक्त मधल्या छटा जवळजवळ काढून टाका. वर निळा, मध्ये काळ्याच्या जवळची रेघ, खाली मातकट, आणि कडा धारदार. शेजारच्या पत्र्याचा रंग बंपरमध्ये थोडा झिरपू द्या. लांब सरळ पट्ट्यांसाठी मोजपट्टी तिरपी धरून ब्रशचा धातूचा भाग तिच्या कडेवरून सरकवा. हात स्थिर राहतो.

काचा आणि गाडीखालची सावली पटकन उरका, पण टायर जमिनीला टेकतो ती जागा चित्रातली सर्वांत गडद ठेवा. माणसं किंचित लहान काढा. गाडी प्रशस्त दिसावी म्हणून ही युक्ती त्या काळी सर्रास वापरली जायची. त्यांची नजर गाडीकडे वळवायची गरज नाही. ती आपापसांत रमलेली बरी.

शुद्ध पांढरा शेवटी. सूर्य जिथून येतो त्या बाजूच्या उंचवट्यांवर, तीन-चार ठिकाणी, दाट रंगाचा एकेक ठिपका. तोवर डबी उघडूच नका.