बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये नवीन लागताय? आधी रक्ताचे बल्ब बघायला शिका

डीएमएलटी किंवा बीएमएलटी (लॅब टेक्निशियनचे कोर्स) करून आलेली मुलं पहिले काही दिवस ऑटो-अ‍ॅनालायझरकडेच बघत बसतात. साहजिक आहे, पण मशीन चालवायला कुणीही महिन्याभरात शिकतं. सोलापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की, अक्कल लागते ती सॅम्पल मशीनवर चढवण्याआधी आणि रिपोर्ट सोडण्याआधी.

बल्बांचे, म्हणजे रक्त घेतो त्या छोट्या नळ्यांचे, रंग तुम्हाला पाठ असतील: लिव्हर, किडनी, इलेक्ट्रोलाइट्सना लाल प्लेन, शुगरला करडा फ्लोराइडचा, एचबीए1सीला (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) जांभळा ईडीटीएचा (रक्त गोठू न देणारं रसायन). फक्त कारणासकट पाठ करा. रक्त काढल्यावरही पेशी साखर खातच असतात, फ्लोराइड त्याला आळा घालतं. प्लेन बल्बमध्ये रक्त तसंच पडून राहिलं तर शुगर तासाला साधारण 5 ते 7 टक्क्यांनी उतरते. मे महिन्यात इथं पारा 42 च्या वर गेलेला असताना खेड्यावरून पिशवीत आलेलं सॅम्पल असेल तर आणखीच. मग फ्रीजमध्ये ठेवावं? सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा पिवळसर द्रव) वेगळं न करता ठेवलंत तर थंडीनं पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा वाढतो. रक्त गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूज करायचं (मशीनमध्ये जोरात फिरवायचं), सीरम काढायचं, मग फ्रीज.

पोटॅशियमवर तर नवीन माणसाची परीक्षाच होते. एकदा वॉर्डातून आलेल्या सॅम्पलचं पोटॅशियम 8.9, कॅल्शियम 4 च्या आसपास आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम जवळपास नाहीच. सीरम स्वच्छ पिवळं. असे आकडे खरे असते तर पेशंटची अवस्था बिकट असती, आणि हा तर खाटेवर बसून चहा पीत होता. प्लेन बल्बमध्ये रक्त कमी पडलं म्हणून कुणीतरी जांभळ्यातलं थोडं त्यात ओतलं होतं. ईडीटीए हे पोटॅशियमचं मीठ. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि त्या एन्झाइमला लागणारं झिंक-मॅग्नेशियमही पळवतं. तीन आकडे एकत्र वाचले की चोर सापडतो. हिमोलिसिसची (तांबड्या पेशी फुटण्याची) गोष्ट वेगळी. त्यात सीरम गुलाबी-लाल दिसतं, पोटॅशियमबरोबर एलडीएच आणि एसजीओटी ही एन्झाइम वाढतात, पण कॅल्शियम असं कोसळत नाही.

अशा वेळी वॉर्डात फोन केला की पलीकडून हमखास येतं, ‘मशीन बिघडलंय का तुमचं?’ चिडू नका. ‘सर, सकाळचं क्यूसी बरोबर आहे, दुसऱ्या हातातून परत सॅम्पल पाठवा,’ एवढंच म्हणा. (क्यूसी म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल चालवून केलेली मशीनची तपासणी.) मात्र क्रिएटिनिन 9 असलेल्या, म्हणजे किडनी बिघडलेल्या, पेशंटचं पोटॅशियम 7 आलं आणि सीरम स्वच्छ असेल, तर तो आकडा दाबून ठेवू नका. पहिला फोन तेव्हाच गेला पाहिजे. कुणी घेतला, किती वाजता, हे रजिस्टरला लिहा आणि आकडा पलीकडच्याकडून परत म्हणवून घ्या.

नावांचा घोळ ही सोलापूरची खास डोकेदुखी. एकाच वॉर्डात दोन सिद्धाराम आणि तीन लक्ष्मीबाई सहज निघतात. त्यात कुणी कन्नड बोलतं, कुणी तेलुगू. ‘तुमचं नाव लक्ष्मीबाई ना?’ म्हटलं की मावशी मान डोलावतात. म्हणून नाव त्यांनाच सांगू द्या, केसपेपरवरचा नंबर जुळवा आणि लेबल पेशंटसमोरच लावा. आधी लेबल चिकटवलेले रिकामे बल्ब खिशात घालून फिरणारा माणूस कितीही हुशार असला तरी मला लॅबमध्ये नको. उपाशीपोटीच्या शुगरलाही तसंच: ‘उपाशी आहात का?’ विचारलं की सगळे हो म्हणतात. ‘सकाळचा चहा झाला का काका?’ विचारा.

पाण्याचं कुणी शिकवत नाही. मशीनला डीआयॉनाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी लागतं, आणि आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी. मध्ये बोअर नाहीतर टँकर. जड पाण्यानं क्षार धरणारं रेझिन लवकर संपतं. क्यूसीचं कॅल्शियम, मॅग्नेशियम चार्टवर रोज थोडं थोडं वर सरकायला लागलं तर रीएजंट बदलण्याआधी पाण्यातले क्षार दाखवणारा कंडक्टिव्हिटीचा मीटर बघा. क्यूसी 2 एसडीच्या (ठरलेल्या मर्यादेच्या) बाहेर गेलं की ‘पास होईस्तोवर’ चालवत बसायची सवय काही ठिकाणी दिसते. ती उचलू नका, आधी कारण शोधा.

आणि रुजू होण्याआधी हिपॅटायटिस बीची लस सुरू करा: आज, एका महिन्यानं, सहाव्या महिन्यात. तिसरा डोस बहुतेकांचा राहून जातो. तो झाल्यावर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासा, 10 mIU/mL च्या वर यायला हव्यात. सुईला टोपण परत लावायचं नाही, हे वेगळं सांगत नाही.