क्लबवर पाहुणे म्हणून जाताय? आधी लिफ्टा ओळखा

दर जानेवारीत टोरोंटोजवळच्या मिसिसागाकडचं एखादं मराठी कुटुंब माझ्यासमोर येऊन उभं राहतं. ऑफिसातल्या कुणा वरिष्ठांनी रविवारी स्की क्लबवर बोलावलेलं असतं, स्की भाड्याच्या, मुलांच्या टोप्या नव्याकोऱ्या. माझ्या छातीवरचा नावाचा बिल्ला वाचला की प्रश्न ठरलेला: "ताई, यातली सोपी लिफ्ट कुठली?" मी कॅनडातल्या कॉलिंगवूडजवळच्या एका खासगी स्की क्लबमध्ये शनिवार-रविवार लिफ्टवर, म्हणजे स्की करणाऱ्यांना डोंगरावर चढवणाऱ्या यंत्रावर, काम करते. हा सहावा हिवाळा. खुर्ची धरायची, चढण्याच्या जागेचा बर्फ फावड्याने सारखा करायचा, कुणी पडलं की लाल बटण दाबायचं. मागे रांग असताना नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सांगते.

डोंगर छोटा आहे हे आधी लक्षात घ्या. नायगाराचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो, तोच कडा उत्तरेकडे जॉर्जियन बे या ह्युरॉन सरोवराच्या उपसागरापर्यंत येतो आणि इथे दोनशे-सव्वादोनशे मीटर उतरतो. पन्हाळ्याच्या निम्मा म्हणा. गुलमर्गच्या गोंडोलाचे फोटो बघून आलेल्यांचा इथे हिरमोड होतो. पण शेजारच्या ब्लू माउंटन स्की रिसॉर्टला तिकीट काढून कुणीही जातं. क्लबवर सदस्य आणि त्यांचे पाहुणे एवढेच. गर्दी कमी, त्यामुळे लिफ्ट निवडायला तुम्हाला खरोखर मोकळीक असते.

मॅजिक कार्पेट म्हणजे विमानतळावरचा सरकता पट्टा, चढावर टाकलेला. त्यावर उभं राहायचं, गुडघे किंचित वाकवायचे, पुढच्या माणसाच्या स्कीवर आपली स्की चढवायची नाही. पहिला तास तिथेच काढा. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

रोप टो दिसायला सगळ्यात गरीब, पण चावते तीच. जमिनीलगत फिरणारा दोर, तो धरायचा आणि ओढलं जायचं, बस. मी इचलकरंजीची, वडिलांचे चार माग होते. मोटार, पुली, पट्टा हे मला नवं नाही. १९३४ मध्ये व्हरमाँटमधल्या वुडस्टॉकला अमेरिकेतली पहिली रोप टो लावली तेव्हा ती फोर्डच्या जुन्या गाडीच्या इंजिनावर चालवली होती, हे कळलं तेव्हा मला अगदी घरच्यासारखं वाटलं. दोर एकदम घट्ट पकडलात तर खांदा उखडल्यासारखा हिसका बसतो. आधी सैल मुठीतून दोर सरकू द्या, मग मूठ हळूहळू आवळा, म्हणजे आपण आपोआप चालू लागतो. हातमोजे जुने घाला, दोर ते खातो. मफलर, जॅकेटच्या नाड्या, मोकळे केस सगळं आत. मागावर ओढणी अडकलेली मी लहानपणी पाहिली आहे, त्यामुळे या बाबतीत मी कुणाचंच ऐकून घेत नाही.

टी-बार ही उलट्या टीच्या आकाराची दांडी. वर फिरणाऱ्या दोराला स्प्रिंगच्या डब्यातून लोंबते आणि दोघांना ढकलत वर नेते. एर्न्स्ट कॉन्स्टाम नावाच्या स्विस इंजिनिअरने १९३४ मध्ये दावोसला एकट्या माणसाला ओढणारी लिफ्ट लावली, त्यातूनच ही दुहेरी दांडी आली. तिच्यावर बसायचं नसतं! पहिल्या हिवाळ्यात मी झोपाळ्यावर बसावं तशी बसले. स्प्रिंग सैल होत गेली आणि मी शेजारच्या सदस्य बाईंना घेऊनच खाली आले. त्या हसल्या, पण त्यानंतर माझ्याबरोबर कधी टी-बारला आल्या नाहीत. दांडी मांड्यांच्या मागे, कुल्ल्यांच्या खाली टेकवायची, पायांवर उभं राहायचं, स्की सरळ समोर. जोडी उंचीने सारखी हवी. सहा फुटी बाबा आणि सहा वर्षांची मुलगी असली तर दांडी त्याच्या गुडघ्यामागे आणि तिच्या पाठीवर येते. पडलात तर दांडी सोडा आणि लगेच बाजूला सरका, मागून पुढची जोडी येतच असते.

टी-बारला सगळे नाकं मुरडतात, पण मला ती आवडते. जॉर्जियन बेवरून वायव्येचा वारा सुटला की खुर्च्या हेलकावतात आणि चेअरलिफ्ट बंद ठेवावी लागते. टी-बार चालूच असते. शिवाय उणे १८ मध्ये पाय हलत राहिले तर अंगात ऊब राहते, खुर्चीत बसून माणूस गोठतो.

आता चेअरलिफ्ट. घोळ होतो तो इथेच. आमच्याकडे दोन आहेत, दोन्ही चारजणांच्या, दोन्ही सुमारे सातशे मीटर लांब. एकीत खुर्ची दोराला कायमची आवळलेली असते. दोराचा जो वेग तोच खुर्चीचा, सेकंदाला साधारण २.३ मीटर. वर जायला पाच मिनिटं. दुसरीत खुर्चीची पकड स्टेशनात शिरताना दोरावरून सुटते, रबरी चाकांवरून सावकाश पुढे येते, आपण बसलो की पुन्हा वेग घेते आणि दोर पकडते. दोर पळतो सेकंदाला ५ मीटरने, पण बसताना खुर्ची जेमतेम १ मीटरने सरकत असते.

सगळे नवशिके "हाय-स्पीड" नाव ऐकून घाबरतात आणि जुन्या संथ लिफ्टकडे वळतात. चुकतं ते तिथेच. संथ लिफ्टची खुर्ची पोटऱ्यांवर येऊन आदळते, वेगवान लिफ्टची अलगद येते. माझ्या हाताखाली पडणारे दहातले आठ जण संथ लिफ्टवर पडतात. संथ लिफ्टवर जायचंच असेल तर रांगेतूनच मला "प्लीज स्लो" म्हणा, मी वेग कमी करते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरा गैरसमज असा की वेगवान लिफ्टवर रांग लवकर सरते. सरत नाही. दोन्ही लिफ्टांवर दर सहा सेकंदांना एकच खुर्ची येते, कारण माणसांना बसायला तेवढा वेळ लागतोच. म्हणजे तासाला सहाशे खुर्च्या, २४०० माणसं, इकडेही आणि तिकडेही. फरक एवढाच की संथ दोरावर दोन खुर्च्यांत १४ मीटर अंतर, वेगवान दोरावर ३०. उलट वेगवान लिफ्टची माणसं हवेत कमी वेळ राहतात, लवकर खाली येतात आणि पुन्हा रांगेत उभी राहतात. रविवारी साडेदहाला रेसिंगच्या पोरांचा सराव संपतो आणि सगळा घोळका तिकडे लोटतो. तेव्हा एव्हाना दोन-तीन फेऱ्या झाल्या असतील तर गुपचूप संथ लिफ्टला या.

बसताना: पोलचे (स्कीच्या काठ्यांचे) पट्टे मनगटातून काढून दोन्ही पोल एका हातात, पाठीवरची पिशवी मांडीवर. लहान मूल माझ्या बाजूच्या कडेला, त्याच्या शेजारी मोठं माणूस. मान वळवून येणारी खुर्ची बघा, बसल्या बसल्या आडवी दांडी खाली घ्या. उतरताना पाटी दिसली की दांडी वर, स्कीची टोकं वर, आणि बर्फ टेकला की उभं राहून सरळ पुढे. चालत्या लोकलमधून उतरताना गाडीच्या दिशेनेच धावतात ना, तसंच. तिथेच थांबून नवऱ्याची वाट बघू नका, मागची खुर्ची सहा सेकंदांत येते. उतरायचं राहूनच गेलं तर उडी मारू नका, बसून राहा. पुढे अडथळ्याची तार असते, तिला पाय लागला की लिफ्ट आपोआप थांबते.

लिफ्ट मध्येच थांबली तर घाबरू नका. बहुतेक वेळा वर किंवा खाली कुणीतरी पडलेलं असतं आणि आम्हीच बटण दाबलेलं असतं. मिनिटभरात सुरू होते. वीज गेली तर डिझेल इंजिन आहे, तेही रुसलं तर दोराने एकेकाला खाली उतरवतात, त्याचा सराव हंगामाआधी करून घेतात. दांडी खाली ठेवा, मुलांना झोके घेऊ देऊ नका. खिशात चिक्की असेल तर या थंडीत तिचा दगड झालेला असतो. चावू नका, गालात धरून ठेवा.