रोजची धाव चार-पाच किलोमीटरची असेल तर डिझेल गाडी नकोच

डिझेलचं ॲव्हरेज चांगलं म्हणून गाडी घ्यायची आणि ती फक्त शाळा, बाजार, ऑफिस एवढीच फिरवायची, हा सौदा बहुतेकदा अंगाशी येतो. कारण आहे सायलेन्सरच्या मार्गात बसवलेला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. साठलेली काजळी जाळून टाकायला त्याच्या आत साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि ते काही मिनिटं टिकावं लागतं. पाच किलोमीटरमध्ये इंजिनच धड तापत नाही, तिथे फिल्टर कुठून तापणार?

मग गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून फिल्टर तापवायला घेते. नेमकं तेव्हाच तुम्ही घरी पोचून चावी फिरवता. काम अर्धवट राहतं, थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, लगेच मेकॅनिकला दाखवा. फिल्टर बदलायची वेळ आली तर इंधनात वाचवलेले सगळे पैसे त्यात जातात.

पेट्रोल इंजिन लवकर तापतं, त्यामुळे छोट्या फेऱ्यांना तेच बरं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक परवडत असेल तर आणखी उत्तम.

डिझेल आधीच दारात असेल, तर आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर वीस-तीस मिनिटं सलग, जरा खालच्या गिअरमध्ये चालवा. फिल्टरचा दिवा लागला असेल तर हे आजच करा.