झेपेल तेवढाच नेम: रोजच्या ख्रिस्ती जीवनाला शिस्त कशी लावावी

नेम मोडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे तो सुरुवातीलाच अवाजवी मोठा ठरवलेला असतो. ईस्टरआधीचा उपासकाळ संपतो, मन भरून आलेलं असतं, आणि त्या भरात माणूस पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना, रोज पाच अध्याय, आठवड्याला दोन उपास असं ठरवून मोकळा होतो. दहा-बारा दिवस जमतं. मग ताप येतो, घरी पाहुणे येतात, नेम चुकतो, आणि चुकल्याच्या शरमेनं पुढचे तीन आठवडे बायबल उघडलंच जात नाही.

म्हणून नेम ठरवताना आपला सगळ्यात वाईट दिवस डोळ्यांपुढे ठेवावा. झोप अपुरी, कामाचा ताण, घरात कोणीतरी आजारी: अशा दिवशीही जे होईल ते तुमचं किमान. बहुतेकांसाठी ते एक स्तोत्र, प्रभूची प्रार्थना आणि रात्री दोन मिनिटं पापांची कबुली एवढंच निघतं. लाजू नका. चांगल्या दिवशी याहून जास्त करायला कोणी अडवत नाही, पण मोजायचं ते किमान. आणि या नेमानं तारण विकत मिळत नाही हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट असू द्या. ते कृपेनंच आहे (इफिस 2:8-9). प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला सुभक्तीची कसरत करायला सांगतो (1 तीमथ्य 4:7), तो आधीच विश्वासात असलेल्या माणसाला.

वेळ आणि जागा

‘सकाळी कधीतरी’ ही वेळ नव्हे. रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला नेम बांधा: तोंड धुतल्यावर लगेच, किंवा मुलं शाळेत गेल्यावर पहिल्यांदा. येशू पहाटे अंधार असतानाच एकांतात गेला (मार्क 1:35), दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकी (दानीएल 6:10). दोघांची वेळ वेगळी. रात्रपाळी करणाऱ्यानं पहाटेचा हट्ट धरू नये.

जागा एकच असावी आणि तिथे बायबल, वही, पेन आदल्या रात्रीच ठेवलेलं असावं. बायबल शक्यतो छापील. फोनवर वाचायला हरकत नाही, पण अडचण अशी की वचन शोधायला फोन हातात घेतला की वर आलेले चार निरोप आधी वाचले जातात आणि पंधरा मिनिटं कुठे गेली ते कळत नाही. फोनच वापरायचा असेल तर आधी इंटरनेट बंद करा.

वाचन

हिशेब सोपा आहे. प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं आणि 1189 अध्याय आहेत: जुन्या करारात 929, नव्यात 260. सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर आठवड्याचे 23, म्हणजे 52 आठवड्यांत 1196. वर्षात सगळं होऊन जेमतेम सात अध्यायांची सवड उरते. पण नवशिक्यानं इथून सुरुवात करू नये. 1 जानेवारीला उत्पत्तीपासून निघालेला वाचक जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात निर्गमच्या 25व्या अध्यायापाशी, म्हणजे निवासमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) मोजमापांत पोचतो, आणि त्याला लागूनच लेवीय हे यज्ञ-विधींच्या नियमांचं पुस्तक येतं. बहुतेक योजना तिथेच गाळात रुततात.

त्याऐवजी पहिलं वर्ष नव्या कराराला द्या. 260 अध्याय, आठवड्यातले पाच दिवस, रोज एक: बरोबर 52 आठवडे. उरलेले दोन दिवस सुटलेलं भरून काढायला. मार्कपासून सुरू करा. 16 अध्याय आहेत आणि मोठ्यानं वाचला तरी एक अध्याय साधारण पाच-सात मिनिटांत होतो. लूकचा पहिला अध्याय (80 वचनं) किंवा मत्तयाचा 26वा (75 वचनं) असे लांब अध्याय आले तर दोन दिवसांत विभागा. सोबत रोज एक स्तोत्र घेतलं तर 150 स्तोत्रं पाच महिन्यांत होतात. 119वं मात्र एका बैठकीत उरकू नका: त्याची 176 वचनं आठ-आठच्या 22 गटांत आहेत, रोज एक गट पुरे. नीतिसूत्रांचे अध्याय 31, त्यामुळे तारीख पाहून त्या क्रमांकाचा अध्याय उघडता येतो. कुठे होतो हे विसरणाऱ्यांसाठी ही सोय उत्तम.

अध्याय संपला म्हणजे वाचन झालं असं नाही. तोच भाग दुसऱ्यांदा सावकाश वाचा आणि जिथे मन अडकेल तिथे थांबा. वहीत तीनच ओळी लिहा: इथे देवाविषयी काय कळलं, माझ्याविषयी काय कळलं, आज काय करायचं. तिसरी ओळ सगळ्यात जास्त फसवते. ‘मी अधिक प्रेम केलं पाहिजे’ हे करणं नव्हे. ‘दुपारी भावाला फोन करून त्या दिवशीच्या बोलण्याची क्षमा मागायची’ हे करणं. ओळीत माणूस, कृती आणि वेळ नसेल तर ती खोडून पुन्हा लिहा.

पाठांतर आठवड्याला एकाच वचनाचं. पुस्तक-अध्याय-वचन क्रमांक आधी म्हणायचा, मग वचन, मग पुन्हा क्रमांक. नाहीतर वचन लक्षात राहतं आणि ते कुठलं हे आठवत नाही. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी न पाहता म्हणा, नंतर महिनाभर आठवड्यातून एकदा. रानात येशूनं सैतानाला तीनही वेळा अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायातल्या वचनांनी उत्तर दिलं. तिथे गुंडाळी उघडून शोधायला सवड नव्हती.

प्रार्थना

दहा मिनिटांची प्रार्थना अशी मांडता येते: दोन मिनिटं स्तुती, नुकत्याच वाचलेल्या स्तोत्राच्याच शब्दांत, दोन मिनिटं कबुली, दोन मिनिटं उपकारस्तुती, कालच्या दिवसातल्या तीन ठरावीक गोष्टींसाठी, तीन मिनिटं इतरांसाठी, शेवटी स्वतःच्या मागण्या. मागण्या आधी आल्या की बाकीचं राहूनच जातं, म्हणून हा क्रम.

मध्यस्थीसाठी, म्हणजे इतरांसाठीच्या प्रार्थनेसाठी, नावांची एकच लांब यादी करू नका, ती रोज पुरी होत नाही. सात भाग करा: सोमवारी घर, मंगळवारी मंडळीचे पाळक आणि सेवक, बुधवारी आजारी, गुरुवारी कामावरची माणसं, असं. एका दिवसाला सहा-सात नावं पुष्कळ झाली. ज्यांच्याशी पटत नाही त्यांच्यासाठी एक वार राखून ठेवा आणि तो रविवार नको. रविवारी सगळ्यांविषयीच मन मऊ असतं.

लक्ष भरकटतंच. हळू आवाजात, ओठ हलवून बोलल्यानं ते बरंच कमी होतं. बिल भरायचं आठवलं तर बाजूच्या कागदावर एक शब्द लिहून टाका आणि जिथे होतात तिथून पुढे बोला. आठवण मनात धरून प्रार्थना करायला गेलात तर दोन्ही जातात.

रात्रीची तपासणी

इथे वेळ घालवा, कारण बाकीच्या नेमाचं फळ दिसतं ते इथेच. ही पद्धत जुनी आहे. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश कॅथलिक संतानं तिच्या पाच पायऱ्या घालून दिल्या. आधी दिवसाबद्दल देवाचे आभार. मग स्वतःचं पाप दिसावं म्हणून प्रकाश मागणं. मग उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासानं आठवणं: विचार, बोलणं, वागणं. मग झालेल्याची क्षमा मागणं. शेवटी उद्यासाठी सुधारणेचा निश्चय. दहा मिनिटं लागतात. अंथरुणावर आडवं होऊन करू नका, तिसऱ्या पायरीवर झोप लागते.

त्याच्याच पद्धतीतला दुसरा भाग कमी लोकांना ठाऊक असतो. एका वेळी एकच दोष निवडायचा, समजा चिडून बोलणं. कागदावर प्रत्येक दिवसासाठी दोन ओळी आखायच्या, एक सकाळपासून दुपारपर्यंतची आणि दुसरी तिथून रात्रीपर्यंतची, आणि जितक्यांदा पडलो तितके ठिपके त्या ओळीवर द्यायचे. आजची ओळ कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. दोन-तीन आठवड्यांत ठिपक्यांचा घोळका कुठे होतो ते दिसतं: रिकाम्या पोटी, किंवा एका विशिष्ट माणसाशी बोलून आल्यावर. मग सामना आयत्या वेळी करायचा नसतो. त्या माणसाला भेटण्याआधी खाऊन घ्यायचं असतं. एकाच वेळी पाच दोष घेतले तर कागद भरतो आणि काही कळत नाही.

तपासणीत कोणाचं नुकसान केल्याचं आढळलं तर देवाजवळची कबुली पुरेशी नाही. मत्तय 5:23-24 मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे. दुसऱ्या दिवशीच जा. काय केलं ते नाव घेऊन सांगा, ‘पण’ हा शब्द वाक्यात येऊ देऊ नका, पैसा किंवा वस्तू परत करायची असेल तर तारीख द्या. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ अशी क्षमा मागण्यापेक्षा न गेलेलं बरं.

मोह

याकोब 1:14-15 मध्ये क्रम दिला आहे: वासना ओढते, मग गर्भवती होते, मग पाप जन्मतं. शिस्त लावायची ती पहिल्या पायरीवर. धन्याची, म्हणजे पोटीफराची बायको मागे लागली तेव्हा योसेफ तिच्याशी वाद घालत उभा राहिला नाही, वस्त्र तिच्या हातात सोडून बाहेर पळाला. रात्री फोनवर नको ते पाहण्याची सवय असेल तर निश्चय करत बसू नका, फोन झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा आणि गजराचं साधं घड्याळ आणा. उधळपट्टीची खोड असेल तर खरेदीच्या ॲपमधून कार्डाची माहिती काढून टाका. मोकळी झालेली वेळ आधीच कशानं तरी भरा; रिकामं घर मत्तय 12:43-45 मधल्यासारखं अशुद्ध आत्म्यांनी पुन्हा भरतं.

उपास

‘डिडाखे’ या मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या लेखात बुधवार आणि शुक्रवारचे उपास सांगितले आहेत, ऑर्थोडॉक्स मंडळ्या ते अजून पाळतात. सुरुवात मात्र महिन्यातून एकदा करा, आणि एकच जेवण सोडून. ते जमलं की रात्रीच्या जेवणापासून दुसऱ्या दिवशीच्या रात्रीच्या जेवणापर्यंत, मध्ये काही न खाता. पाणी भरपूर प्या. चहा-कॉफीची सवय असणाऱ्यांचं डोकं दुपारी ठणकतं, म्हणून आदल्या तीन-चार दिवसांत प्रमाण कमी करत आणा. सोडताना हलकं आणि थोडं खा. मधुमेहाची औषधं घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं, आजारी, आणि खाण्याशी बिघडलेलं नातं असलेली माणसं यांनी अन्नाचा उपास करू नये. त्यांनी मनोरंजन किंवा सोशल मीडिया सोडावं.

जेवणाची वाचलेली वेळ प्रार्थनेला आणि वाचलेले पैसे भुकेल्याला गेले नाहीत तर यशयाच्या 58व्या अध्यायाच्या मापानं तो उपासच नाही. आणि चेहरा धुऊन हसत बाहेर पडा (मत्तय 6:16-18).

दान

मिळकत हाती येईल त्याच दिवशी देवाचा वाटा वेगळा काढा. महिनाअखेरीस उरलेल्यातून द्यायचं म्हटलं तर काही उरत नाही. पौल करिंथकरांना आठवड्याच्या पहिल्या दिवशीच बाजूला ठेवायला सांगतो (1 करिंथ 16:2). दशांश झेपत नसेल, कर्ज असेल, तर शंभरातले दोन किंवा तीन ठरवा आणि दरवर्षी एकेक वाढवा. अनियमित कमाई असेल तर प्रत्येक रकमेतून त्याच टक्क्यानं.

सोबती आणि मंडळी

एकट्यानं चालवलेल्या नेमात स्वतःला सूट देणं फार सोपं जातं. स्त्रीनं स्त्री, पुरुषानं पुरुष सोबती निवडावा, घरातला नको. आठवड्यातून एकदा अर्धा तास. प्रश्न ठरलेले: नेम किती दिवस झाला? कोणत्या मोहात पडलात? कोणाशी समेट बाकी आहे? पैशांत काही लपवलं का? आणि शेवटी: आता दिलेल्या उत्तरांत काही खोटं होतं का? ऐकलेलं बाहेर जाणार नाही हे आधी ठरवा, पण कोणाच्या जिवाला किंवा मुलांना धोका असेल तर ते लपवलं जाणार नाही हेही त्याच दिवशी सांगून टाका. नंतर सांगितलं तर विश्वासघात वाटतो.

रविवारची उपासना शनिवारी रात्री सुरू होते: वेळेवर झोप, कपडे आणि अर्पण तयार. संदेशातून एकच वाक्य लिहा, बुधवारपर्यंत करायचं असं.

नेम मोडला तर

पाच दिवस वाचन चुकलं तर ते साचलेले सगळे अध्याय एका रात्री संपवायला बसू नका. आजचा भाग वाचा, मागचं सोडून द्या. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी किमान नेम काहीही झालं तरी करायचा, एवढाच नियम. ‘आता सोमवारपासून’ म्हणणारा शुक्रवार, शनिवार, रविवार तिन्ही घालवतो.

नेम उत्तम चालला आहे असं वाटू लागलं की लूक 18 मधला गर्विष्ठ, कर्मठ परूशी आठवावा. तो आठवड्यातून दोनदा उपास करत होता आणि दशांशही देत होता. आपला नेम घरच्यांवर लादणं, दुसऱ्याचा मोजणं, चारचौघांत सांगणं, ही त्याची लक्षणं. औषध सोपं आहे: महिनाभर नेमाबद्दल सोबत्याशिवाय कोणाशीही बोलायचं नाही.

कोरडेपणा येतो. शब्द कागदावरच राहतात, प्रार्थना छताला लागून परत येते. वेळ तीच ठेवा, लांबी निम्मी करा, स्वतःचे शब्द सुचत नसतील तर 13वं किंवा 88वं स्तोत्र म्हणा. 88वं अंधारातच संपतं आणि तरी ती प्रार्थनाच आहे. मग तीन गोष्टी तपासा: कबूल न केलेलं पाप, अपुरी झोप, आजारपण. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा दूतानं त्याला उपदेश केला नाही, दोनदा उठवून खायला दिलं आणि मध्ये झोपू दिलं (1 राजे 19). दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातला रस सगळंच गेलं असेल तर पाळकांना सांगा आणि डॉक्टरांकडेही जा.

दर तीन महिन्यांनी नेम कागदावर काढून बघा. जे निम्म्याहून अधिक दिवस जमलं नाही ते लहान करा किंवा खोडा, आणि जे सहज चाललं आहे त्याला एकच भर घाला.