जुन्या तलावाची पाहणी: सुरुवात बांधापासून

शहरातील ऐतिहासिक तलावाची पाहणी करताना पाण्याकडे पाठ फिरवून आधी बांध शोधावा, कारण मानवनिर्मित तलावाची सारी रचना बांधावर उभी असते. तो सहज ओळखू येईलच असे नाही. हैदराबादच्या हुसेनसागराचा सोळाव्या शतकातील बांध आज वाहता रस्ता आहे, तर भोपाळच्या बड्या तलावाच्या मातीच्या बांधावर कमला पार्क ही बाग आहे.

बांध सापडला की त्याच्या कोरड्या बाजूच्या पायथ्याने चालावे आणि कोठे ओल आहे ते पाहावे. झिरपणारे पाणी नितळ असेल, तर फक्त नोंद ठेवून पुढच्या वेळी ते वाढले आहे का, एवढे तपासणे बहुधा पुरते; परंतु ते गढूळ असेल, तर बांधातील माती आतून वाहून जात असण्याची शक्यता असते आणि ही गोष्ट संबंधित अभियंत्यांना त्याच दिवशी कळवावी. बांधावर रुजलेले पिंपळाचे रोपही दुर्लक्षू नये. त्याची मुळे दगडांच्या सांध्यांत शिरतात.

यानंतर सांडवा पाहावा. पावसाळ्यात जादा पाणी सोडणारी ही वाट अनेकदा बांधकामाखाली किंवा कचऱ्याखाली गुदमरलेली असते, आणि मग पूर आला की दोष पावसाला दिला जातो.

पाणी येते कोठून, हे पाहण्यासाठी जुना नकाशा हाती घेऊन जोराच्या पावसानंतर ओढ्यांच्या काठाने वर चालत जावे. पुण्यात पेशवेकाळात कात्रजच्या तलावाचे पाणी भूमिगत नळाने शहरात आणले होते. म्हणजे तलावाचा विस्तार काठापाशी संपत नाही, हे जुन्या बांधकामातूनच दिसते. भर उन्हाळ्यातही वाहणारा नाला दिसला, तर त्यात बहुधा सांडपाणी आहे असे समजावे.

उथळ काठ हा पाहणीचा सर्वांत समृद्ध भाग. तेथे घाईने फिरू नये, एका जागी अर्धा तास बसावे. पाणवनस्पतींच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी, पाण्यात बुड्या मारणारा वारकरी पक्षी आणि चिखलात चोच खुपसणारा, लांब लाल पायांचा शेकाट्या यांची संख्या वेगवेगळी लिहावी. शेकाट्या घाण पाण्यातही निभावून नेतो, त्यामुळे केवळ त्याचेच थवे वाढत असतील, तर आनंदण्याचे कारण नाही. पाण्यातील प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो, म्हणून मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून श्वास घेत आहेत का, हे सूर्योदयापूर्वीच तपासावे. सुशोभीकरणाच्या नावाखाली काठाला उभी काँक्रीटची भिंत घातली की हा उथळ पट्टा नाहीसा होतो. माझ्या मते तलावाचे याहून मोठे नुकसान जलपर्णीदेखील करत नाही.

कागदपत्रांत तलाव कोणत्या हेतूने बांधला, हे आवर्जून शोधावे. भारताच्या २०१७ च्या पाणथळ नियमांतून खास पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. त्यामुळे शतकानुशतके पाणथळ जागा म्हणून जगलेला तलावही या संरक्षणाबाहेर राहू शकतो. याउलट भोपाळचे भोज पाणथळ क्षेत्र आणि कोलकात्याच्या पूर्वेकडील सांडपाण्यावर मासे पोसणारी तळी २००२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली.

उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळा संपताच, दरवर्षी त्याच जागेवरून छायाचित्र घ्यावे आणि त्यात बांधावरील एखादा ठरावीक दगड दिसेल असे पाहावे, म्हणजे पाण्याची पातळी वर्षागणिक त्याच्याशी ताडून पाहता येते.