चढावर काळा धूर, मायलेज पडलेलं: जुन्या डिझेल फोर-बाय-फोरचा माझा अनुभव

सेकंडहँड घेतलेली माझी छोटी गाडी लिटरला १४ वरून १० किलोमीटरवर आली. चढावर ओढ नाही, काळा धूर. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन ठणठणीत. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बदलले, इंजेक्टर साफ केले. तीन महिने नुसता वैताग.

दोष निघाला टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) ते इंटरकूलर (ती तापलेली हवा थंड करणारी जाळी) यांच्यामधल्या रबरी होजमध्ये, म्हणजे नळीत. क्लॅम्पजवळची (नळी आवळून धरणाऱ्या पट्टीजवळची) चीर हवेचा दाब आल्यावरच उघडायची, म्हणून उभ्या गाडीत सापडत नव्हती. हवा गळते, डिझेल अर्धवट जळतं.

इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. दोन्ही क्लॅम्प सैल करून होज काढला, वाकवून, पिळून पाहिला (बाहेरचा तेलकट डाग हीच खूण). पाइपची टोकं पुसून कोरडी केली. तेलावर होज निसटतो. मग नवा होज, नवे क्लॅम्प. थोडं चालवून, थंड झाल्यावर पुन्हा आवळले. धूर गेला, १४ परत मिळतात.