मोठी एसयूव्ही ट्रेलसाठी तयार करताय? या चुका टाळा, आणि आधी धरमकाटा गाठा

इंदूरजवळ सिमरोलच्या पुढे चोरलकडे उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावर मागच्या सीटवरून आईचा आवाज आला, "अरे, बैलगाडीत निदान खाली गवत तरी अंथरतात."

गाडी फॉर्च्युनर. तिला महिन्याभरापूर्वीच दोन इंच लिफ्ट (म्हणजे गाडी तेवढी उंच करणं), हेवी ड्यूटी स्प्रिंग, जाडजूड टायर, पुढे लोखंडी बंपर आणि वर कॅरियर असा सगळा सरंजाम चढवला होता. कंपनीच्या मूळ सस्पेन्शनवर याच रस्त्याला आई डुलक्या काढायची. आता ती वरची कडी दोन्ही हातांनी धरून बसली होती. सामान नकली नव्हतं, बसवणाऱ्याचा हातही चांगला होता. चूक माझी होती. मी सुरुवात शेवटापासून केली होती.

इंदूरात आता दर रविवारी पोहे-जिलबी आटोपून जाम दरवाजा, कजलीगढ, जानापावकडे निघणाऱ्या मोठ्या गाड्या दिसतात. त्यातल्या निम्म्या गाड्यांत मला माझीच चूक दिसते: गाडी उंच आणि दणकट झालेली, आत बसलेली माणसं मात्र हैराण.

स्प्रिंग गाडीसाठी नाही, वजनासाठी घ्यायची असते

दुकानात पहिला प्रश्न येतो, "लिफ्ट किती हवी?" खरा प्रश्न असायला हवा, "मागे कायम किती किलो सामान असतं?" हेवी ड्यूटी स्प्रिंग दोन-तीनशे किलोंचं कायमचं ओझं धरून बनवलेली असते. तेवढं वजन पडलं की ती छान दबते. ते नसलं की गाडी दगडावर चढत नाही, दगडावरून उडते. त्या दिवशी माझ्या गाडीत तीन माणसं, एक डबा आणि पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. स्प्रिंग बिचारी तीनशे किलोंची वाट बघत होती.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच नेहमीची. स्प्रिंग मूळचीच आणि मागे ड्रॉवर, फ्रिज, तंबू, जास्तीची बॅटरी. मग प्रत्येक खड्ड्यात मागची बाजू बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आपटते आणि नाक वर झाल्याने रात्री समोरच्याच्या डोळ्यांत हेडलाइट जातो.

उपाय साधा आहे, पण कुणी करत नाही: धरमकाटा, म्हणजे गाड्या तोलायचा वजनकाटा. मी देवास नाक्याजवळच्या ट्रकवाल्यांच्या काट्यावर गाडी नेली. सहलीला निघतो तशी भरलेली, टाकी फुल, पाणीसुद्धा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. काट्यावरचा माणूस म्हणाला, "साहब, इसमें भरा क्या है?" पावती बघून मलाही तोच प्रश्न पडला. पुढे १,२७० किलो, मागे १,४९०. गाडीच्या पाटीवरच्या कमाल वजनाला मी जवळजवळ टेकलो होतो, आणि मागच्या सीटवरची माणसं अजून बसायचीच होती.

हिशेब घरी बसूनही करता येतो. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र) मिळून ८० ते १०० किलो, छतावरचा तंबू ६०-७०, कॅरियर ३०, दुसरी बॅटरी वीस-पंचवीस, चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो. या वर्गातल्या गाड्यांची वाहक क्षमता ढोबळमानाने पाचशे ते सातशे किलो, आणि त्यात माणसंही आली. पाच धडधाकट माणसं बसली की अर्धी क्षमता तिथेच संपते. ट्रेलवरचा आराम विकत घ्यायचा असेल तर पहिली खरेदी काहीच करायची नसते, उलट दोन वस्तू काढायच्या असतात. मी विंच आणि ड्रॉवर काढले आणि प्लास्टिकच्या क्रेट आणल्या. मग उरलेल्या वजनाला जुळणारी एक दर्जा नरम स्प्रिंग आणि तिच्याच जोडीचा शॉक (शॉक अब्सॉर्बर) घेतला. जोडी महत्त्वाची. कडक स्प्रिंगला मूळचा मऊ शॉक लावला तर गाडी होडीसारखी डुलते, आणि मऊ स्प्रिंगला कडक शॉक लावला तर दात वाजतात.

दोन इंचांच्या वर हव्यास नको

फॉर्च्युनर, एंडेव्हरसारख्या गाड्यांचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असतं. गाडी वर उचलली की चाकं धरणारे दोन्ही आर्म खाली झुकतात आणि एक्सलच्या सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या सांध्याचा, कोन वाढतो. चाळीस-पन्नास मिलीमीटरपर्यंत गाडी हे सोसते. त्यापुढे सांध्यावरचे रबरी बूट फाटतात, ग्रीस उडतं, आत माती जाते आणि वळताना कट-कट आवाज येऊ लागतो. कॅस्टरही (स्टिअरिंग सरळ ठेवणारा चाकाचा कल) घटतो, म्हणून एबी रोडवर स्टिअरिंग सरळ राहत नाही, सारखं सांभाळावं लागतं. त्यासाठी वेगळे अप्पर आर्म मिळतात, पण ते लिफ्टच्या बजेटमध्ये कुणी धरत नाही.

मागे पॅनहार्ड रॉडची, म्हणजे एक्सलला चेसिसखाली मधोमध धरणाऱ्या आडव्या दांड्याची गंमत. गाडी उंच झाली की तो रॉड मागचा एक्सल थोडा एका बाजूला ओढतो. काही मिलीमीटरचाच फरक, पण मागून बघणाऱ्याला गाडी तिरकी चालल्यासारखी वाटते. अ‍ॅडजस्टेबल रॉड हा त्याचा उपाय.

मागे स्प्रिंगला नुसता स्पेसर (उंची वाढवणारा ठोकळा) घालून मूळचा शॉक ठेवणं ही स्वस्तातली महाग चूक. गाडी वर गेली, पण शॉकची लांबी तेवढीच, म्हणून चाक खाली लोंबायला जागाच उरत नाही. खड्ड्यातून चाक सुटलं की "ठक" असा आवाज येतो, तो शॉक पूर्ण ताणला गेल्याचा. ब्रेकचे होज आणि एबीएसची वायर पुरते आहे ना, तेही चाक पूर्ण लोंबवून बघा. गाडी सपाटीवर उभी करून बघितलं तर सगळं ठीकच दिसतं.

लिफ्टनंतर अलाइनमेंट करा, हजार किलोमीटरने पुन्हा करा आणि हेडलाइट खाली घ्या.

टायर: मोठा की मऊ?

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात आणि सगळ्यात जास्त आरामही इथेच मिळतो.

मूळ टायर २६५/६० आर १८ (रुंदी मिलीमीटरमध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), व्यास साधारण ७७५ मिलीमीटर. लोक उडी मारतात २८५/७० आर १७ वर, म्हणजे ८३१. एक्सलखालची उंची वाढते निम्मी, २८ मिलीमीटर. बदल्यात पूर्ण वळवल्यावर टायर चाकाच्या खोबणीतल्या प्लास्टिकच्या लायनरला घासतो, वजन वाढतं आणि प्रत्येक गिअरमध्ये गाडी ओढायला इंजिनला ७ टक्के जास्त जोर लागतो. मीटर पूर्वी जिथे ८० दाखवायचा तिथे आता ७५ दाखवतो. किलोमीटरही तेवढेच कमी मोजले जातात, म्हणून "टायर बदलल्यापासून अ‍ॅव्हरेज पडला" ही तक्रार अर्धी खरी, अर्धी मीटरची.

माझं मत: रिम ब्रेकला घासत नाही एवढं पाहून २६५/७० आर १७ पुरे. व्यास ८०३, उंचीत १४ मिलीमीटरचीच भर, पण रिमचा इंच कमी झाल्याने रबराची भिंत उंच होते. आराम त्या भिंतीत असतो. ऑल टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा) घ्या. मड टेरेन (खास चिखलासाठीचा) हायवेवर भुंग्यासारखा घोंघावतो आणि आपलं नव्वद टक्के ड्रायव्हिंग हायवेवरच असतं. निमाडाच्या उतारावरचे बेसाल्टचे दगड धारदार असतात, ते टायर बाजूने कापतात, म्हणून बाजूची भिंत मजबूत हवी. मात्र दहा प्लायचा ट्रकी टायर घेऊन त्यात हवा ४० पीएसआय ठेवली तर बैलगाडी परत आलीच म्हणून समजा.

हवा कमी करणं हा ट्रेलवरचा सगळ्यात स्वस्त मॉड, म्हणजे गाडीतला बदल. रस्त्यावर ३३ असेल तर दगडमातीच्या वाटेवर २२-२४, भुसभुशीत जमिनीवर १८. पत्र्याच्या छपरासारख्या नालीदार रस्त्यावर फरक लगेच कळतो. ज्या उतारावर आई कडी धरून बसली होती, तिथेच पुढच्या वेळी २२ वर तिने पर्समधून बडीशेप काढून वाटली. १५ च्या खाली जाऊ नका, टायर रिमवरून सुटतो. हवा कमी असताना वेग तीस-चाळीसच्या आत ठेवा आणि डांबरावर येताच पुन्हा भरा. त्यासाठी कंप्रेसर थेट बॅटरीला क्लिप लावून चालणारा हवा. सिगारेट लायटरवरचा छोटा पंप दुसऱ्या टायरलाच तापून बंद पडतो.

आणि काळी माती. "डग डग रोटी, पग पग नीर" हे माळव्याचं वर्णन पावसाळ्यात वेगळ्याच अर्थाने खरं ठरतं. ओली काळी माती टायरच्या खाचांत अशी बसते की दहा मीटरांत महागडा टायर गुळगुळीत होतो. त्यावर कुठलाही मॉड चालत नाही. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस कडक ऊन पडू द्या, मग जा.

छतावर हलकं, आत बांधलेलं

छताची मर्यादा गाडीच्या पुस्तकात असते आणि ती चालत्या गाडीची असते. कॅरियरचं वजनही त्यातच धरायचं. आडव्या उतारावर वरचा प्रत्येक किलो गाडीला खाली खेचतो. पाणी आणि अवजारं मागच्या सीटच्या पाठीला चिकटून, खाली.

फ्रिज रात्री का बंद पडतो

महेश्वरच्या मुक्कामात सकाळी फ्रिज बंद आणि श्रीखंड कोमट. बॅटरी गेली असं वाटलं. मल्टीमीटर लावला तर बॅटरीवर १२.४ व्होल्ट, मग फ्रिज जोरात चालवून मागच्या सॉकेटवर ११.५. बॅटरी ठणठणीत होती, वायर बारीक होती. एक चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर, जाऊन-येऊन दहा मीटर, पाच अँपिअर: जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच गळतात. फ्रिजला वाटतं बॅटरी संपली, तो स्वतःला बंद करतो. सहा चौरस मिलीमीटरची वायर टाकली, गळती ०.१५ च्या आत आली. दुसऱ्या बॅटरीचे पंधरा-वीस हजार आणि पंचवीस किलो वाचले.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, फ्रिजजवळ नाही. वायर मधेच कुठे पत्र्याला घासली तर जळणार ती वायर, फ्रिज नव्हे. लाइट बारला हेडलाइटच्या वायरमधून कनेक्शन काढू नका. १८० वॅट म्हणजे १५ अँपिअर, त्याला स्वतःची वायर आणि रिले (मोठा करंट जोडणारा स्विच) हवा.

स्नॉर्केल लावलं म्हणजे गाडी पाणबुडी होत नाही

फॉर्च्युनरची पाण्यातली मर्यादा ७०० मिलीमीटर, एंडेव्हरची ८००. स्नॉर्केल, म्हणजे छतापर्यंत नेलेली हवेची नळी, तिने फक्त इंजिनचा श्वास वर जातो. अल्टरनेटर, वायरिंग, दारं तिथेच राहतात. शिवाय एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. तापलेला डिफरेन्शियल (एक्सलमधला गिअरचा गोळा) थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (त्याचं हवेचं छिद्र) पाण्याखाली असेल तर तिथून, नाहीतर सीलमधून, पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरची नळी वर बोनेटपर्यंत नेणं हे काही शे रुपयांचं काम स्नॉर्केलच्या आधी करा. खोल पाण्यातून आल्यावर डिफरेन्शियलचं तेल बघा. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्याच आठवड्यात बदला.

अडकल्यावर ओढायचं कुठून

हे मात्र जिवाशी आहे. टो बॉलला (मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) पट्टा अडकवून झटका देऊ नका. बॉल तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा काच फोडून आत येतो. ट्रकवर गाडी बांधायच्या कड्याही त्यासाठी नसतात. चेसिसला बोल्ट केलेले रिकव्हरी पॉइंट, त्यावर ४.७५ टनी शॅकल (दोर अडकवायची पिनवाली कडी), झटक्यासाठी ताणला जाणारा कायनेटिक दोर, आणि बघ्यांना दोराच्या दीडपट लांब उभं करणं. दोन गाड्यांनी जात असाल आणि फावडं, ट्रॅक्शन बोर्ड (फसलेल्या चाकाखाली घालायच्या पाट्या) सोबत असतील तर विंचची गरज क्वचितच पडते.

कागद

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांचा अर्थ सरळ आहे: आरसीवरच्या, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. कलम १८२ए खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करायला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना सांगितलं आहे, आणि एअरबॅगच्या सेन्सरसाठीही ते वाईटच. माझा लोखंडी बंपर आता गच्चीवर आहे, त्यावर आईची कारल्याची वेल चढली आहे. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा, लेखी.

लक्षणावरून दोष

साठ-सत्तरच्या वेगात स्टिअरिंग थरथरतं: आधी टायरच्या खाचांत, रिमच्या आत वाळलेली माती बघा. दहापैकी सात वेळा बॅलन्सिंग नाही, चिखल असतो.

ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते: हवा चारही चाकांत सारखी आहे का, मग अलाइनमेंट, मग कॅलिपर.

डांबरावर वळताना गाडी अडल्यासारखी, टायर ओरडतात: फोर व्हील ड्राइव्ह चालू राहिलीय. पार्ट-टाइम फोर बाय फोर कोरड्या डांबरावर चालवायची नसते.

ट्रेलवरून आल्यावर डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा: बीएस ६ डिझेल तासन्‌तास रांगत चाललं की फिल्टर भरतो. हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात चालवा. आणि तो दिवा लागलेला असताना, किंवा नुकताच विझला असताना, गाडी वाळक्या गवतात उभी करू नका. उन्हाळ्यात जानापावच्या उतारावर गुडघाभर गवत असतं आणि काजळी जाळताना तापलेला सायलेन्सर त्याच्या टोकाला टेकतो.